शिक्का मी मारला नाही

१ फेब्रु., रविवार

आज पुन्हा प्रभुभोजन घेतलं नाही. ऑगस्टपासून हा सातवा पहिला रविवार. मागच्या बाकावर, दाराशी बसलो. पाळकांनी प्याला उचलला आणि तो आलाच. तो म्हणजे विचार. विचार कसला, शिवीच. सातपूरला कारखान्यात लेथ मशीनवर पोरं दिवसभर द्यायची ती, आईवरची. मी आयुष्यात कधी तोंडातून काढली नाही. आता येते ती नेमकी प्याल्याकडे बघून, प्रभूच्या नावाला जोडून. दात आवळून धरले. जीभ सुटली असती तर? सगळी मंडळी वळून बघणार.

सौ. एकटीच पुढे जाऊन घेऊन आली.

वही काढली. शाळा सातवीपर्यंत, पण चेकर म्हणून छत्तीस वर्षं रजिस्टर लिहिलंय. आता ह्याचं लिहीन. दाराशी किती दिवस बसायचं.

४ फेब्रु., बुधवार

नात रिबेका वरच्या मजल्यावरून धावत खाली आली. १२ एप्रिलला बिशपसाहेब येणार, हिचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली, त्याच उपासनेत पहिलं प्रभुभोजन. "आजोबा, तुम्ही माझ्या उजव्या बाजूला गुडघे टेकायचे, आजी डाव्या. पप्पा-मम्मी मागे." सगळं ठरवून आली होती. हो म्हटलं. माझ्या वेळी माझा बाप असाच उजव्या बाजूला होता. त्याचा गुडघा कटकन वाजलेला अजून आठवतो.

साडेनऊ आठवडे. पोरीच्या शेजारी, सगळ्यांच्या समोर, आणि तो आला तर...

८ फेब्रु., रविवार

उपासनेनंतर थोरात मास्तर घरी. हातात छत्री. बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, चार वर्षांपूर्वी तुझी छत्री चुकून मीच नेली, नंतर परत द्यायची लाज वाटली, मनात ठेवू नकोस.

आधी कळेना. मग उजेड पडला. आपल्याकडे प्रभूच्या टेबलापाशी न जाणारा माणूस एक तर काही चुकीपायी शिस्तीखाली असतो, नाहीतर त्याचं कुणाशी तरी वाकडं असतं. मला काही पंचांनी शिस्तीखाली ठेवलेलं नाही. म्हणजे माझा कुणावर तरी राग आहे. सात महिने मंडळी शोधतायत, कुणावर.

छत्री माझी नव्हतीच. सांगणार होतो, पण मास्तरांचे डोळे भरलेले. ठेवून घेतली.

सौ. म्हणते, "आता ज्याची असेल तो टेबलाला यायचा थांबला की कळेल."

११ फेब्रु., बुधवार

महिला मंडळाच्या रत्नाबाई. लाडवांचा डबा. नाताळात मी गीत धरलं तेव्हा ह्यांचा आवाज फाटलाय असं बोलून गेल्या होत्या, क्षमा करा म्हणाल्या. मी ऐकलंच नव्हतं. आता कळलं. आवाज फाटलाय.

त्या गेल्यावर सौ. माझ्यासमोर येऊन बसली. हातातली कोथिंबीर तशीच.

"माझ्यावर राग आहे का तुमचा?"

नाही म्हटलं. मग कुणावर? कुणावरच नाही. मग देवावर का? तिच्या हातातली कोथिंबीर घेऊन निवडायला लागलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार, पण हे कसं सांगू. ऐकून ती माझ्या हातचं पाणी तरी पिईल का. लाडू दोघांनी खाल्ले.

१८ फेब्रु., राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन पाळकांकडे गेलो. तिशीचा मुलगा आहे. शब्द न उच्चारता सगळं सांगितलं. हसला नाही. ज्या एका पापाला क्षमा नाही म्हणतात, ते हेच का, विचारलं. तो म्हणाला, ते ज्याच्या हातून झालं असतं, तो असा घाबरत माझ्या दाराशी आला नसता. विचार पकडून ख्रिस्तापुढे उभा करायचा असतो, त्याच्यापासून पळायचं नसतं.

"काका, तुम्ही चोराला घरात ठेवलंत आणि स्वतः ओट्यावर येऊन बसलात."

हे लागलं. घर माझं आहे. पकडतो.

२० फेब्रु., शुक्रवार

पद्धत बसवली. कारखान्यात बुशचं, म्हणजे छोट्या पोकळ नळकांड्याचं, भोक तपासायला गेज असायचं, दोन टोकांचा दांडा. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं की माल बाद, लाल रंगाचा ठिपका, लाल पेटीत. पास झालेल्या डब्याच्या कार्डावर माझा शिक्का, नंबर सात. तसंच करायचं. विचार आला की पकडायचा, तपासायचा, नापास म्हणायचं, उजवा गुडघा तीनदा ठोकायचा, छोटी प्रार्थना, लाल पेटीत. वहीत ल.

स. ७ ते ९ : ल. ११.

२५ फेब्रु., बुधवार

ल. ४३, दुपारपर्यंत. आता नुसता तो नाही. प्रार्थनेत चहा आठवला, लाल. कुंभासाठी रस्ते खणून ठेवलेत, त्यात रि.ची सायकल डंपरखाली आली तर, लाल. पाळकांच्या दाढीचं हसू आलं, लाल. प्रत्येकाला गुडघा.

सौ. "प्रार्थना करताय की माश्या मारताय?"

गुडघा काळानिळा झालाय.

१ मार्च, रविवार

प्रभुभोजन. मागचा बाक. ल. मोजायचं सोडलं. ठोक ठोक ऐकून शेजारचा माणूस सरकून बसला. प्याला वर गेला तेव्हा तो एकदा नाही, माळ लागल्यासारखा आला. मी त्याची वाटच बघत होतो ना, गेज हातात घेऊन.

घरी आल्यावर वही फाडावीशी वाटली. फाडणार नाही. हार त्याने लिहून घ्यायची का माझ्याकडून?

५ मार्च, गुरुवार

कपाटात स्क्रू शोधताना जुनं गेज सापडलं. निवृत्त झालो तेव्हा बादच झालं होतं, म्हणून मालकांनी आठवण म्हणून दिलं. हातात घेतलं नि ध्यानात आलं. गेज सतत वापरलं की झिजतं. मग ते खोटं सांगायला लागतं. म्हणून दर महिन्याला ते दुसरीकडे तपासायला पाठवायचो. आपलं गेज आपणच तपासायचं नसतं.

इथे विचार माझा, तपासणारा मी, आणि रात्रंदिवस तपासणी. झिजणारच. चहासुद्धा लाल.

गुडघा ठोकणं बंद. आजपासून.

सुनेला थोडं सांगितलं. आशा दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, पप्पा, हा आजार असतो, पुष्कळांना असतो, डॉक्टरांशी बोलून, औषधाने बरं वाटतं. मी म्हटलं, मी वेडा नाही. "शुगरची गोळी घेता तेव्हा काय वेडे असता?" १२ तारखेनंतर बघू म्हटलं.

१४ मार्च, शनिवार

दानिएल आला होता. कारखान्यात माझ्या टेबलासमोरच त्याचं लेथ, चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर त्याच्या डाव्या हाताला मी. मूळचा सायखेड्याचा, बोलणं अजून तिकडचं. मी मागच्या बाकावर गेल्यापासून ती जागा रिकामीच ठेवतो, कुणाला बसू देत नाही. हे मला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं.

सौ. आत गेली तसं म्हणाला, "याकोब, तुला कळलं ना?"

काय ते विचारलं.

"त्या बुशांचं. शिक्का मी मारला होता. तू जेवायला गेला व्हता, शिक्का टेबलावर. टूल झिजलं होतं, सगळा डबा बाद गेला असता. मी टेंपररी, शांता पोटुशी. लय भ्यालो होतो. मारला नि डबा पुढं सरकवला. तू टेबलाला येईना तसं मी म्हटलं, ह्याला कोणीतरी सांगितलं."

कोणी सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

जा म्हटलं. तो उठला. चहा तसाच राहिला.

१५ मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. लिहून काढतो.

तो डबा गिऱ्हाइकाकडून परत आला तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर मला उभं करून एक एक बुश गेजला लावला होता. दोन्ही टोकं आत जात होती. कार्डावर सात नंबर. मी म्हटलं, मला आठवत नाही. लोक हसले. आठ दिवस घरी, मग वर्षभर पॅकिंगला. ते सोसलं. जे सोसलं नाही ते दुसरंच. मला खरंच आठवत नव्हतं. म्हणजे हाताने मला न विचारता शिक्का मारला. आणि हात असं करू शकतो, तर आणखी काय करेल? तेव्हापासून मी कुलूप तीनदा ओढतो. गॅसचा कॉक तीनदा. आणि आता जीभ.

दानिएल त्या वर्षी पर्मनंट झाला. पेढे मलाही दिले. मी खाल्ले.

१६ मार्च, सोमवार

सौ.ला दानिएलचं तेवढं सांगितलं. ऐकून तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती. "सात महिने सगळे म्हणत होते, ह्यांचं कुणाशी तरी बिनसलंय. केलंत एकदाचं खरं."

दोन दिवस तो फिरकला नाही. त्याची जागा दानिएलने घेतलीय.

२० मार्च, शुक्रवार

आला परत. सकाळी दूध आणायला निघालो, चर्चच्या फाटकाशी गाठलं त्याने. पाय थांबले. मग तिथेच उभ्या उभ्या एक गोष्ट सुचली, पिशवी हातात तशीच.

शिक्का मी मारला नव्हता.

माझ्या हाताने काहीही केलं नव्हतं. एकतीस वर्षं ज्या हाताला भिऊन कुलपं ओढली, तो हात त्या वेळी भाकरी मोडत होता.

चेकरच्या टेबलावर काय माल येईल ते चेकरच्या हातात नसतं. चांगला येतो, घाणेरडा येतो. आला म्हणून तो माझा होत नाही. शिक्का मारला तर माझा. ह्या शिवीवर मी एकदाही शिक्का मारलेला नाही. एकदाही नाही. प्रभूला हे माहीत असणार, कार्ड त्याच्यासमोर आहे.

आणि लाल रंगही लावणार नाही आता. रंग लावायलाही माल हातात घ्यावा लागतो. पडू दे टेबलावर.

म्हटलं त्याला, आलास, बरं. मी दुधाला चाललोय.

दूध घेऊन येताना पुन्हा होता. असू दे.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

दानिएल दुसऱ्या बाकावर. डावीकडची जागा रिकामी. दोनदा मागे वळून बघितलं त्याने. मी झावळीची पानं मोजत बसलो.

रि. परत येताना म्हणाली, दानिएल आजोबांशी तुम्ही बोलत का नाही? मी म्हटलं, मोठ्यांचं असतं काही. ती म्हणाली, "आम्हाला वर्गात शिकवलंय, मनात राग ठेवून टेबलाला यायचं नाही. मग तुम्ही माझ्या बाजूला कसे येणार?"

चौदा वर्षांची पोर. बिशपसाहेबसुद्धा असा प्रश्न विचारणार नाहीत.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. पंखे फिरत होते, वारा गरम. तिसऱ्या तासाला सगळे गप्प राहतात, टाचणी पडली तरी ऐकू येईल, तेव्हा आला. आजवरचा सर्वात मोठा. वधस्तंभाकडे बघून, पूर्ण वाक्य.

दात आवळणार होतो. नाही आवळले. मुद्दाम जबडा सैल सोडला, तोंड जरा उघडं ठेवलं. म्हटलं, घे, दार उघडं आहे, काढून दाखव शब्द. जीभ जागेवर. पाच मिनिटं असतील. काही झालं नाही. मी हुकूम दिल्याशिवाय ती हलत नाही.

मग गीत सुरू झालं. फाटक्या आवाजात म्हटलं. रत्नाबाई पुढे होत्या, मुद्दाम मोठ्याने.

५ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटेची उपासना, मग प्रभुभोजन. आजही गेलो नाही. पण आज त्याच्यामुळे नाही, दानिएलमुळे. फरक आहे. आठ महिन्यांनी माझं कारण आणि मंडळींची समजूत जुळली.

थोरात मास्तरांनी छत्रीबद्दल विचारलं. वापरतो म्हटलं.

८ एप्रिल, बुधवार

सातपूरला गेलो, दानिएलच्या घरी. बसने अर्ध्यापर्यंतच नेलं, पुढे रस्ता बंद, खड्ड्यांच्या कडेने चालत. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. शांता माहेरी सायखेड्याला गेलेली. मला बघून हातातली वाटी खाली ठेवली त्याने.

आठ दिवस घरी बसवलं होतं मला, मी म्हटलं. माहीत आहे म्हणाला. पॅकिंगला टाकलं. माहीत आहे. तुझे पेढे खाल्ले मी. तेव्हा मान खाली घातली.

"तुला माफ केलं असं सांगायला आलो नाही. अजून होत नाही, एवढं सांगायला आलो."

"बस तरी," म्हणाला. खुर्ची पुसून दिली.

बसलो. मग माझं मलाच कळेना, त्याला सगळं सांगितलं. आठ महिने टेबलाला का गेलो नाही, काय येतं डोक्यात. त्याने विचारलं, कंची शिवी? मी म्हटलं, मला म्हणता येत नाही. लेथवर द्यायचे ती. त्याने थोडा विचार केला आणि भर अंगणात, उन्हात, ती सबंध म्हणून दाखवली.

"हीच का?"

हीच.

"एवढ्यासाठी? याकोबा, ही तर मी टूल तुटलं की द्यायचो."

शब्द हवेत होता. मी इकडेतिकडे बघितलं. आभाळ जागेवर. कोंबडीनेसुद्धा मान वर केली नाही. आधी तो हसला, मग मी, आणि मग तो डोळे पुसायला लागला आणि थांबेचना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला होता. चहा मात्र पूर्ण प्यायलो.

फाटकाशी म्हणाला, "जागा ठेवलीय." मी खड्ड्यांच्या कडेने परत निघालो.

११ एप्रिल, शनिवार

पांढरा सदरा इस्त्री केला. रि.चा झगा दारामागे टांगलाय. तिने तीनदा विचारलं, येणार ना? इस्त्री बंद केली का, दुपारपासून दोनदा जाऊन बघितलं. सगळं शहाणपण सकाळचं होतं. बिशपसाहेब, भरलेलं चर्च, पोर शेजारी.

शेवटी सौ.ला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ऐकलं तिने. मी म्हटलं, असं घाण येतं माझ्या डोक्यात, पवित्र वेळी. ती म्हणाली, "मला प्याला हातात आला की कुकरच्या शिट्ट्या आठवतात. चाळीस वर्षं." मी म्हटलं, शिट्टी आणि शिवी एक नव्हे. ती म्हणाली, एक नव्हे, कळतं मला. पण आठ महिने एकट्याने कशाला वाहिलंत? मग भाजी बाजूला सारून जवळ सरकली. पाणी मागितलं. मी आणून दिलं. प्यायली.

आशाने डॉक्टरांची वेळ विचारून ठेवलीय, पुढच्या आठवड्याची. बघू.

१२ एप्रिल, रविवार, सकाळ

उठल्यापासून चारदा आला. आंघोळीत, दाढी करताना, चहाला, आणि आत्ता सदऱ्याची बटणं लावताना. कार्ड कोरं आहे.

रि. तयार. पांढऱ्या झग्यात एकदम मोठी दिसते. बाहेरून हाक मारतेय, आजोबा, उशीर होतोय.

दुसऱ्या बाकावर बसणार. दानिएलच्या डाव्या हाताला. प्रभुभोजनाआधी शांतीचा सलाम करायला सगळे एकमेकांकडे वळतील, तेव्हा मी त्याच्याकडे वळेन का, ठाऊक नाही. मनात अजून गाठ आहे, खोटं लिहीत नाही. पण हात माझा आहे. पुढे करायचा की नाही ते मी ठरवणार, डोक्यातला तो नाही.

गॅसचा कॉक एकदाच बघितला. कुलूप एकदाच ओढणार.

आणि तू. येणार आहेस, माहीत आहे. चल. मागच्या बाकावर, दाराशी, माझी जागा आजपासून रिकामी आहे. तिथे बस.